भाड्याचा मॅग्नेटोमीटर, वडोदरा: मशीन फर्स्टक्लास, बोल्ट नापास

पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन मशीनला आणि अर्धा दुकानवाल्या काकांना, तोही ते रविवारी फोन उचलतात म्हणून.

हे मशीन भाड्याने घेणारी माणसं आपल्या गावात फार नसतील हे मला माहितीय, पण जी आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, कारण मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर माझा दीड दिवस आणि चार-पाच हजार रुपये वाचले असते. दुकानाचं नाव लिहीत नाही. सर्व्हेची इन्स्ट्रुमेंटं भाड्याने देतात, टोटल स्टेशन, लेव्हल वगैरे मुख्य धंदा, त्यात कोपऱ्यात एक पिवळी पेटी होती आणि त्यात हे प्रोटॉन मॅग्नेटोमीटर, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र. दिवसाला साडेतीन हजार, डिपॉझिट वेगळं. ज्यांना शोधायचंय ते शोधतीलच.

मला कशाला हवं होतं ते सांगते. मी दांडिया बाजारातली, जिऑलॉजी शिकले, मग लग्न, नोकरी, मुलगी, आणि आता चाळिशीत पीएचडीचं खूळ डोक्यात घेतलंय. विषय नर्मदा-सोन फॉल्ट, म्हणजे जमिनीतली अशी भेग जिच्या दोन बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेत. राजपिपळ्याला गेला असाल तर बघितलं असेल, इकडून जाताना सगळी सपाट गाळाची जमीन, केळी आणि ऊस, आणि मग एकदम समोर डोंगर. तो डोंगर ट्रॅपचा म्हणजे आपला काळा बसाल्ट. सपाटी आणि डोंगर यांच्यामध्ये जी रेघ आहे तीच ही फॉल्ट, भडोच बाजूने सुरू होऊन थेट मध्य प्रदेशात जाते. 1970 मध्ये भडोचला भूकंप झाला तो आणि 1997 चा जबलपूरचा, दोन्ही याच पट्ट्यातले. तर ही रेघ मेलेली नाहीये. पण अडचण अशी की नेमकी कुठून जाते ते दिसत नाही, वर नदीने गाळ ओतून ठेवलाय, त्यावर शेतकऱ्याने नांगर फिरवलाय, आणि तुम्ही बांधावर उभं राहून अंदाज करत बसा.

2001 च्या भूकंपाला मी शाळेत होते, 26 जानेवारी, झेंडावंदन आटपत आलेलं आणि मैदान हलायला लागलं. केंद्र कच्छात भचाऊजवळ आणि आम्ही इथे वडोदऱ्यात मैदानावर बसकण मारली होती. त्या भूकंपाची खरी गंमत (गंमत म्हणू नये पण) मला कॉलेजात कळली, की एवढा 7.7 चा भूकंप करणारी मूळ फॉल्ट जमिनीच्या वर आलीच नाही, आतल्या आत सरकली. म्हणजे वरवर फिरून, फोटो काढून भागत नाही, आत काय आहे ते बघायला लागतं. त्यासाठी बरेच उपाय आहेत, रडार आहे, ग्रॅव्हिटी आहे, सिस्मिक आहे पण ते माझ्या खिशाच्या बाहेर. चुंबकीय सर्व्हे त्यातल्या त्यात स्वस्त आणि पायी चालत होतो.

कल्पना एकदम सोपी आहे. बसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं खनिज असतं म्हणून तो चुंबकाला मानतो, गाळ जवळजवळ मानतच नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे 45 हजार नॅनोटेस्लाच्या (हे क्षेत्र मोजायचं माप) आसपास असतं, आणि खाली बसाल्ट उथळ आहे का खोल गेलाय त्यावरून त्या आकड्यात थोडा फरक पडतो. फॉल्टला आडवं छेदून चालत जायचं, दर पाच मीटरवर एक रीडिंग घ्यायचं, आणि घरी येऊन ग्राफ काढायचा. जिथे ग्राफचा स्वभाव बदलतो तिथे खाली काहीतरी घडलंय.

आता मशीनबद्दल, कारण रिव्ह्यू त्याचा आहे.

मशीन जुनं आहे, पेटीचे कोपरे घासलेले, पण आतलं काम उत्तम. एक बाटलीएवढा सेन्सर, त्यात केरोसीनसारखं हायड्रोजनवालं द्रव, त्याच्याभोवती कॉइल. बटण दाबलं की कॉइलमध्ये करंट जातो, द्रवातले प्रोटॉन सगळे एका दिशेला तोंड करून उभे राहतात, शाळेतल्या प्रार्थनेसारखे, मग करंट बंद झाला की ते पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलायला लागतात. किती वेगाने डुलतात ते मशीन मोजतं, राजपिपळ्याला साधारण सेकंदाला 1,900 वेळा. एका हर्ट्‌झचा फरक म्हणजे साधारण 23.5 नॅनोटेस्ला, हा हिशोब प्रोटॉनचा स्वतःचा आहे, कंपनीने ठरवलेला नाही, म्हणून मशीन तीस वर्षं जुनं असलं तरी आकडा बिघडत नाही. मला हीच गोष्ट फार आवडते. वजनकाट्यासारखं कॅलिब्रेट करत बसायला लागत नाही.

एक रीडिंग यायला दोन-तीन सेकंद लागतात, बीप होतो, आकडा दिसतो, पुढे चला. हल्ली सीझियमवाले मॅग्नेटोमीटर येतात ते सेकंदाला दहा रीडिंग घेतात, ओव्हरहाउझरवाले बॅटरी कमी खातात, ड्रोनला टांगायचेही निघालेत, पण त्यांच्या भाड्यात माझी स्कूटी येईल. बॅटरी दिवसभर पुरली. चार्जर बरा आहे. डिस्प्ले उन्हात दिसत नाही, छत्री न्या, पण छत्री कुठली न्यायची ते पुढे सांगते.

पहिली चूक माझीच म्हणा हवं तर. घ्यायला गेले शुक्रवारी संध्याकाळी, काकांनी एकच सेट काढून टेबलावर ठेवला. मी म्हटलं, "काका, बेससाठी दुसरा?" तर म्हणाले, "बेन, दुसरा रिपेरिंगला गेलाय, आणि सगळे एकावरच काम करतात, काय टेन्शन घेता?" आणि मी नाही घेतलं टेन्शन. घ्यायला हवं होतं.

शनिवारी सकाळी भाच्याला घेऊन राजपिपळ्याला निघाले, तो कॉम्प्युटर शिकतो, त्याला फक्त केळी खायची होती. पहिली खुंटी ठोकली (लाकडी, खिळा नाही), नऊ वाजता पहिलं रीडिंग, शेवटचे तीन आकडे 618. लाइन दक्षिणेकडे, म्हणजे गाळाकडून डोंगराकडे. काम झकास चाललं होतं, मी चालतेय, भाचा टेप धरतोय आणि वहीत लिहितोय, आणि सव्वाबाराला जेवायला परत त्याच खुंटीपाशी आलो तर सहज म्हणून बटण दाबलं. 651.

तेहतीसचा फरक. त्याच खुंटीवर, तेच मशीन, तीच मी.

भाचा म्हणाला, "मावशी, खालचा दगड सरकला का?" मी त्याला म्हटलं गप्प बस आणि पीएचडीच्या सरांना फोन लावला. सरांनी हॅलोच्या आधी विचारलं, "बेस कुठाय?" झालं.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी: पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर स्थिर नसतं. सूर्य वर आला की वरच्या वातावरणात करंट वाहायला लागतात आणि आपल्याकडे दुपारच्या सुमाराला आकडा तीस-चाळीसने सहज वर चढतो, संध्याकाळी परत खाली. सूर्यावर काही गडबड झाली तर शेकड्यांनी हलतो, मे 2024 मध्ये ते वादळ आलं होतं ना, लडाखला आकाश लाल झालेलं, त्या दिवशी सर्व्हे केला असता तर सगळा कचरा. म्हणून एक मशीन एका जागी ठेवून द्यायचं, तोच बेस, ते दर मिनिटाला नुसतं नोंद करतं, आणि फिरत्या मशीनच्या आकड्यातून त्याचे चढउतार वजा करायचे. ते नसेल तर ग्राफमधला चढ फॉल्टचा आहे का उन्हाचा, तुम्ही सांगूच शकत नाही. आणि काका म्हणतात सगळे एकावरच काम करतात. करत असतील, पण मग ते जमिनीखालचा लोखंडी पाइप शोधत असतील, जिथे हजाराचा फरक येतो तिथे तीसचं काय. गाळाखालच्या फॉल्टसाठी तीस म्हणजे खूप.

एकच मशीन असलं तर जुगाड असा की दर तासाला परत त्याच खुंटीशी यायचं, रीडिंग घ्यायचं आणि मधल्या वेळेचा हिशोब जुळवायचा. दुपारनंतर तेच केलं. पाय तुटले. शिवाय अलिबागच्या वेधशाळेचा डेटा नेटवर मिळतो, साडेतीनशे किलोमीटर लांब आहे पण दिवसाचा साधा चढउतार ताडून बघायला चालतो. ही अलिबागची वेधशाळा मुळात कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर तिथली मापं बिघडतील म्हणून 1904 मध्ये अलिबागला नेली, आणि इमारतसुद्धा पोरबंदरच्या दगडाने बांधली, कारण तो चुंबकाला मानत नाही. बसाल्टच्या महाराष्ट्रात घर बांधायला आपला गुजरातचा दगड न्यावा लागला. मला वडोदऱ्याची म्हणून याचा उगाच अभिमान वाटतो.

पहिल्या दिवशीची सकाळ पाण्यात. दुपारचं थोडंफार वाचलं.

रविवारी मी शहाणी झाले होते म्हणून काम सुरू करायच्या आधी सगळ्या टेस्ट करायला बसले. एका जागी उभं राहायचं, उत्तरेला तोंड करून रीडिंग, मग पूर्व, दक्षिण, पश्चिम. सेन्सर त्याच जागेवर आहे तर आकडा एक-दोनच्या वर हलायला नको. माझा बावीसने हलला.

मी पहिल्यांदा स्वतःची झडती घेतली. मोबाइल नाही, किल्ल्या नाहीत, बेल्ट नाही, बूट कॅनव्हासचे. आणि मग लक्षात आलं, केसातल्या पिना. आमच्याकडे बायकांना हे सर्व्हे करताना जे काय काय काढून ठेवायला लागतं त्याची यादी इथे लिहीत नाही, समजून घ्या, तार असते. मंगळसूत्र चालतं, सोनं आहे, पण त्याला लावलेली सेफ्टी पिन नाही चालत. पिना काढल्या, अंबाडा सुटला, परत चार दिशा. एकोणीस. भाच्याच्या हातात स्टीलचं कडं, ते काढायला लावलं तर म्हणे "मी तर दहा फूट लांब आहे." लांब आहे तर बरंय, अंतर दुप्पट झालं की असल्या छोट्या लोखंडाचा परिणाम आठवा हिस्सा होतो, पण तरी काढ. अठरा.

मग राहिलं मशीनच. सेन्सर एका अॅल्युमिनियमच्या काठीवर बसतो, दोन-अडीच मीटर उंच, जमिनीवरच्या फालतू गोट्यांपासून लांब राहावा म्हणून. काठी तीन तुकड्यांची, आणि वरच्या जोडाला, सेन्सरपासून वीतभर अंतरावर, एक चकचकीत बोल्ट होता. बाकीचे दोन जोड पितळी बोल्टचे, पिवळे, जरा काळवंडलेले. हा एकच पांढरा. माझ्या पर्समध्ये फ्रीजवरचा गणपती होता, चुंबकवाला, मी दगड तपासायला ठेवते, (सेन्सरपासून लांब, गाडीत), तो घेऊन आले आणि काठी खोलून बोल्टला लावला. बाप्पा टक् करून चिकटले.

फोन. "काका, वरचा बोल्ट लोखंडी आहे." "ना ना बेन, स्टेनलेस छे, कटाय नही एने." अहो गंजण्याचं कोण विचारतंय, स्टेनलेस दोन जातीचं येतं, एक चुंबकाला मानत नाही आणि एक मानतं, आणि तुमचं मानतं. "छेल्ला कस्टमरनो तूटी गयो तो एटले में नाख्यो," म्हणजे मागच्या गिऱ्हाइकाकडून तुटला म्हणून त्यांनी स्वतः हौसेने नवा घातला. पितळीपेक्षा मजबूत म्हणून. आणि हे सगळं इतक्या प्रेमाने सांगतात की भांडताही येत नाही. वर म्हणाले जो खर्च होईल तो करा, बिलातून कापून देईन.

रविवार, राजपिपळ्यात हार्डवेअरची दुकानं निम्मी बंद. तीन दुकानं फिरलो, शेवटी एका बाथरूम फिटिंगवाल्याकडे नळाचा पितळी बोल्ट मिळाला, जरा लांब होता, भाच्याने ब्लेडने कापला, आणि तो करवतीचा चुरा काठीवर राहू नये म्हणून मी ओल्या फडक्याने पुसत बसले. बोल्टचे चाळीस रुपये. परत चार दिशा. फरक दीड. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

तर मुद्दा: मशीन घेताना गणपती, किंवा जे काही चुंबक घरात असेल ते, घेऊन जा आणि काठीचा, क्लॅम्पचा, बेल्टच्या हुकचा, पेटीच्या पट्ट्याच्या बकलचा प्रत्येक तुकडा दुकानातच तपासा. छत्रीसुद्धा, दांडा लाकडी आणि काड्या फायबरच्या असतील तरच.

सोमवार मात्र सोन्यासारखा गेला. दर तासाला खुंटीवर परत, पण आता सवय झाली होती. आणि डोंगराच्या बाजूला मशीनने जे दाखवलं ते बघून भाचासुद्धा फोन खिशात ठेवून, म्हणजे गाडीत ठेवून, वही बघायला लागला. गाळाच्या बाजूला आकडे शांत, पाच मीटरला दोन-तीनने हलतायत, मोठ्या झोपाळ्यासारखे हळू वर हळू खाली. बसाल्टवर पाय पडला आणि एकदम वेड लागल्यासारखे, वर दोनशे, पुढच्या पावलाला खाली तीनशे. एका मोठ्या काळ्या धोंड्याजवळ तर मशीनने रीडिंग द्यायलाच नकार दिला, कारण क्षेत्र इतक्या थोड्या अंतरात इतकं बदलत होतं की बाटलीतल्या एका टोकाचे प्रोटॉन एका सुरात आणि दुसऱ्या टोकाचे दुसऱ्या. मशीन सरळ एरर देतं, खोटा आकडा देत नाही. याला मी अर्धा स्टार जास्त दिला असता.

बसाल्टचा हा वेडेपणा उगाच नाही. 66 दशलक्ष वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीचं क्षेत्र त्याने आत धरून ठेवलं, आणि तेव्हा बराच काळ उत्तर-दक्षिण उलटे होते, म्हणून काही थर आजच्या क्षेत्रात भर घालतात आणि काही वजाबाकी करतात. वर असला की प्रत्येक तुकड्याचा गोंगाट ऐकू येतो. तोच बसाल्ट फॉल्टपलीकडे खाली गेला आणि वर गाळ आला की लांबून गर्दीचा आवाज यावा तसा सगळा गुळगुळीत होतो. ग्राफ खडबडीचा गुळगुळीत कुठे होतो ती जागा आणि चढ किती पसरट आहे यावरून खोलीचा अंदाज, हेच तर हवं होतं. (आपल्या अक्षांशावर क्षेत्र तिरकं असतं, त्यामुळे शिखर नेमकं फॉल्टच्या डोक्यावर येत नाही, शेजारी एक खड्डा घेऊन येतं, ते कॉम्प्युटरवर सरळ करायला लागतं आणि त्यात माझी पुढची दिवाळी जाणार आहे.)

एक फसवणूक सांगते. दुसऱ्या लाइनवर गाळाच्या मधोमध एकदम तीनशेचं सुळकं शिखर आलं, मी खूश, म्हटलं दुसरी फांदी सापडली फॉल्टची. शेतकरी दादा बांधावरून ओरडले, "बेन, बोअर छे त्यां, पूरी दीधेलो!" जुना बोअर, वरून बुजवलेला, आत लोखंडी केसिंग तसंच. म्हणून एका लाइनवर कधी विश्वास ठेवू नका, वीस मीटर बाजूने समांतर दुसरी मारा, बोअर तिथे गायब होईल, फॉल्ट होणार नाही. त्याच दादांनी विचारलं सोनं शोधताय का, मी म्हटलं शोधत असते तर दिवसाला साडेतीन हजार भरून आले असते का. त्यांनी आम्हाला केळ्याचा अख्खा फणा दिला. भाच्याचा दौरा सुफळ संपूर्ण.

आणि हेही सांगते, कारण लोक यंत्र घेतात आणि नको त्या अपेक्षा ठेवतात: या सर्व्हेने फॉल्ट कुठे आहे, किती तिरकी आहे, किती खोल आहे याचा अंदाज मिळतो. ती शेवटची कधी हलली हे मिळत नाही. 66 दशलक्ष वर्षांपूर्वी तुटलेली आणि हजार वर्षांपूर्वी तुटलेली, मॅग्नेटोमीटरला दोन्ही सारख्याच. त्यासाठी नेमक्या जागी खड्डा खणून गाळाचे थर वाचायला लागतात, वाळूचं वय काढायला लागतं. पण खड्डा खणायचा कुठे हे कळायला हा ग्राफ लागतो, नाहीतर जेसीबी लावून अख्खं केळीचं शेत खणत बसाल.

मंगळवारी मशीन परत केलं. काकांनी पेटी उघडून एकेक वस्तू मोजली, काठी बघितली, पितळी बोल्ट बघितला, आणि म्हणाले, "आ तो जूनो लागे छे." मी बाथरूम फिटिंगवाल्याचं चाळीसचं बिल पुढे केलं. चाळीस कापले, शिवाय स्वतःहून एका दिवसाचं भाडं निम्मं केलं, हे मान्य करायला हवं. दुसरा सेट रिपेरिंगहून आला की फोन करतो म्हणाले. तेव्हा दोन्ही मिळून घेईन, एकटा परत नाही घेणार, फुकट दिला तरी नाही.

घरी आले, संध्याकाळी दूध ठेवताना फ्रीजचं दार बघितलं आणि पोटात गोळा आला. गणपती नाही. मीच पेटीच्या डाव्या खिशात ठेवलेला, बोल्ट तपासल्यावर, आणि तसाच परत दिला. सोमवारी अख्खा दिवस पेटी गाडीत होती म्हणून वाचले. लगेच फोन केला, काका, पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी डाव्या खिशातून गणपती काढा, चुंबक आहे तो. म्हणाले, "बेन, ए तो में क्यारनो काढी लीधो, तिजोरी पर लगाड्यो छे, सारुं शुकन छे." मी परत मागितला नाही.